इतलीशी भाकर

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत पडली
की वर कुणी बघत नाही.
माय देठं खुडत बसलेली, तिच्या अंगाला झेलीबाई,
पलीकडे दगूबाई, मग सारखी शिंकणारी एक नवी पोरगी,
आणि मी, तीन वर्षांनी आलेला,
तिकडची पँट घालून पोत्यावर.

"काय खादं रे तठे?"
फोनवर तीन वर्षं हेच विचारलं तिनं,
तीन वर्षं मी म्हणालो, भात.

आज म्हटलं, सांगून टाकू.

तळं होतं. विरचकपेक्षा कितीतरी मोठं,
पण काठाला म्हैस नाही, गाळ नाही,
धुणं आपटायला एक दगड नाही.
पाणी नुसतं ठेवलेलं,
पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखं.
काठावर लाकडी हॉटेल, आठ खुर्च्या.
कारखान्यापासून सायकलवर दीड तास.
आमच्या खोलीतला युवराज म्हणाला होता,
तिथं भाकर मिळते.

भाकर नव्हती. टाको म्हणतात.
करणारा मेक्सिकोचा, एरिबेर्तो.
बायको जपानी, मिदोरी, ती गल्ल्यावर.
तळहाताएवढी मक्याची चकती, तव्यावर फुगवलेली,
तिच्यात तळ्यातला मासा, कांदा, कोथिंबीर,
वरून लिंबू, आणि दुमडून हातात.

"इतलीशी? बाहुलीनी भाकर शे का?"
बाया हसल्या. देठं खुडणं चालूच.
"आनि मकानी? मका ते ढोरेसले घालतस."

झेलीबाई धडगावची.
तिचा हात थांबला.
"आम्ही खातो," ती म्हणाली.
माय थोडा वेळ काही बोलली नाही.
मग स्वतःच्या ढिगातल्या चार मिरच्या
उगाचच तिच्या ढिगात सरकवल्या.

मी पुढं सांगितलं.
एरिबेर्तोनं बोटभर वाटीत लाल चटणी आणली,
डोळे मोठे केले, हात हलवले,
"पिकान्ते! पिकान्ते!"
मिदोरीनं न मागता पाण्याचे दोन ग्लास ठेवले.
मी वाटी चाटून पुसून पुढं केली.
अजून.
दुसरी संपली तेव्हा तो हात पुसत बाहेर आला
आणि माझ्याकडे असा बघू लागला
जसा व्यापारी नवा माल बघतो,
मिरची फोडून, बी चोळून, नाकाशी नेऊन.
मग समोरची खुर्ची ओढली.
आतून तिसरी वाटी आली, काळपट,
ती गिऱ्हाइकांची नसावी.
आम्ही दोघं खात राहिलो.
दोघांची नाकं वाहत होती.
तो त्याच्या भाषेत काही सांगत होता,
मी अहिराणीत हो हो करत होतो,
तळ्यावर एक बदक
पाण्याला सरळ चीर पाडत चाललं होतं.

"दुमडी तवय तुटनी नही?"
नाही.
"मंग पानी कडकडीत टाकत व्हई तो,"
माय स्वतःशीच म्हणाली,
चाळीस वर्षं थापणाऱ्या बाईनं
दुसऱ्याचं काम मान्य करावं तशी.

त्यानंतर मी तेरा रविवार गेलो.
पैसे कधी घेतले, कधी नाही.
शेवटच्या रविवारी वारा होता, खुर्च्या आत घेतल्या होत्या,
त्यानं माझा खांदा दोनदा थोपटला
आणि सायकलच्या टोपलीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.
खोलीवर येईपर्यंत गार झालं होतं.
तरी तुटलं नव्हतं.

"त्यानी माय कोठे ऱ्हास?"

मी विचारलं नव्हतं.
भाषा नव्हती, म्हणालो,
पण तसं म्हणताना मीच मिरच्यांकडे बघत होतो.
तेरा रविवार.
युवराजच्या गावचा पिनकोडसुद्धा मला पाठ होता.

माय पुन्हा खुडायला लागली.
नवी पोरगी शिंकली, एकदा, दोनदा,
दगूबाईनं तिला पदर दिला तोंडाला बांधायला.
ऊन कलत होतं, ट्रॅक्टर आला, हमाल उतरले,
मुकादम पाट्या मोजत आमच्यापर्यंत पोचला.
मायनं पाटी पुढं केली.
मग माझ्याकडे न बघता,
बोटं साडीला पुसत, जिची आग रात्री झोपू देत नाही ती बोटं,
"पार्सल जास का तठलोंग?"